ओतार इओसेलिआनी यांचे चित्रपट : रिकामटेकडी माणसे आणि पीप क्रमांक ४९

लेखन : तिसरी घंटा

जॉर्जियन दिग्दर्शक ओतार इओसेलिआनी (१९३४–२०२३) यांची ओळख सहसा निवांतपणा, मद्य आणि मैफल यांचे चित्रण करणारा कलावंत अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, कारण त्यांच्या जवळपास प्रत्येक चित्रपटात कोणी ना कोणी ठरलेल्या कामाला बगल देऊन मित्रांबरोबर प्यायला आणि गायला बसलेले दिसते. मात्र एवढ्यावर थांबले की त्यांचे चित्रपट गोड, हलकेफुलके आणि थोडे विक्षिप्त वाटू लागतात, आणि मग सोव्हिएत अधिकाऱ्यांना त्यांच्यात एवढे काय खुपत होते याचा उलगडा होत नाही. माझे म्हणणे असे आहे की कामाच्या बाबतीत हा दिग्दर्शक कमालीचा काटेकोर होता. त्यांची माणसे वेळ वाया घालवतात, उशिरा पोहोचतात, दिलेला शब्द विसरतात. पण आपला हात कोणत्या कामाला लावायचा आणि कोणत्या कामाला मुळीच लावायचा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

इओसेलिआनींचा जन्म तिब्लिसीचा. तिथल्या संगीत विद्यालयात त्यांनी पियानो, संगीतरचना आणि वाद्यवृंदसंचालन यांचे शिक्षण घेतले, त्यानंतर मॉस्को विद्यापीठात काही काळ गणित शिकले आणि ते अर्धवट सोडून मॉस्कोच्याच व्हगीक या सरकारी चित्रपटसंस्थेत दाखल झाले. तिथे त्यांना लाभलेल्या शिक्षकांत दोन टोके होती. एक, युक्रेनच्या मातीचे चित्रपट करणारे अलेक्सांद्र दोव्झेन्को, आणि दुसरे, 'बर्लिनचा पाडाव' या चित्रपटात स्टालिनला जवळजवळ देवत्व देणारे मिखाइल चिआउरेली. यांपैकी कोणाचे संस्कार टिकले, हे सांगण्याची गरज नाही.

'एप्रिल' हा त्यांचा सुरुवातीचा छोटा चित्रपट जवळजवळ निःशब्द आहे. नव्या, रिकाम्या घरात राहायला आलेले एक तरुण जोडपे एकमेकांचे चुंबन घेते तेव्हा दिवा लागतो, नळाला पाणी येते, शेगडी पेटते. पुढे घरात सामान येऊ लागते, खोल्या कपाटांनी आणि खुर्च्यांनी भरतात, भांडणे सुरू होतात आणि दिवा, पाणी, शेगडी सगळेच बंद पडते. या चित्रपटावर रूपवादाचा, म्हणजे आशयापेक्षा रूपालाच महत्त्व दिल्याचा, शिक्का बसून तो अडवला गेला. त्यानंतर इओसेलिआनी काही काळ मासेमारीच्या जहाजावर आणि तिब्लिसीजवळच्या रुस्तावी येथील पोलाद कारखान्यात राबले. त्याच कारखान्यावर १९६४ साली त्यांनी 'ओतीव लोखंड' हा अनुबोधपट केला. त्यात निवेदन नाही. भट्टी, माणसे आणि आवाज एवढेच आहे.

पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे १९६६ सालचा 'गिओर्गोबिस्त्वे', अर्थात 'पानगळ'. सुरुवातीला खेड्यातला द्राक्षांचा हंगाम, पायांनी तुडवला जाणारा घड, पुरलेले मातीचे रांजण आणि जेवणाची पंगत हे सारे एखाद्या अनुबोधपटासारखे, घाई न करता दाखवलेले आहे. मग कथा शहरातल्या वाइनच्या कारखान्यात येते. निको आणि ओतार हे दोन तरुण तंत्रज्ञ एकाच वेळी नोकरीला लागतात. ओतार चटपटीत आहे, वरिष्ठांशी कसे बोलावे हे तो जाणतो. निको भिडस्त आहे आणि लगेच कामगारांमध्ये मिसळतो. पीप क्रमांक ४९ मधली वाइन अजून तयार नाही, हे कारखान्यात सर्वांना माहीत आहे, पण सरकारी योजनेने ठरवून दिलेला उत्पादनाचा आकडा गाठायचा असल्यामुळे ती बाटल्यांत भरायची ठरते. निको सही करायला नकार देतो आणि शेवटी त्या पिपात जिलेटिन ओततो. चित्रपटातले बंड एवढेच आहे. भाषण नाही, घोषणा नाही, आणि निकोला आपण काही थोर केले असे वाटल्याची खूणही नाही. १९६८ साली फ्रान्समधल्या कान चित्रपटमहोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा, म्हणजे फिप्रेसीचा, पुरस्कार मिळाला.

१९७० सालच्या 'गाणारा काळा पक्षी होता एक' या चित्रपटातला गिआ अगलाद्झे ऑपेराच्या वाद्यवृंदात टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखे मोठे तालवाद्य, वाजवतो. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) ज्या रचनेत तो वाजवतो तिच्यात त्याला काम आहे ते सुरुवातीला आणि अगदी शेवटी. मधल्या वेळात तो निसटतो, शहरभर फिरतो, दहा जणांना भेटतो, आणि शेवटची आवर्तने सुरू असताना मागच्या दाराने आत शिरतो. वादकांच्या खुर्च्यांमधून वाट काढतो, काठ्या उचलतो. संचालक त्याच्याकडे रागाने पाहत असतानाच ठोका पडतो, आणि तो नेमका त्याच मात्रेवर पडतो. आयुष्यात काहीही पूर्ण न करणारा हा माणूस तो ठोका कधीही चुकवत नाही. अखेरीस रस्त्यावरच्या अपघातात तो मरतो, आणि त्याने एका घड्याळजीच्या दुकानात सहज ठोकून दिलेल्या खिळ्यावर घड्याळजी आपली टोपी अडकवतो. गिआची भूमिका करणारे गेला कांदेलाकी हे स्वतःही दिग्दर्शक होते. त्यांच्या चालण्यातली घाई आणि चेहऱ्यावरची फुरसत या दोहोंचा मेळ व्यावसायिक नटाला साधला असता असे मला वाटत नाही.

त्यानंतरच्या 'पास्तोराले' (१९७५) मध्ये तिब्लिसीतले चार तंतुवादक सरावासाठी पश्चिम जॉर्जियातल्या मिंग्रेलिया भागातल्या एका खेड्यात जाऊन राहतात. शेजाऱ्यांची भांडणे, पाऊस, कोंबड्या आणि घरातली तरुण मुलगी हेच कथानक आहे. (मुलीच्या भूमिकेत दिग्दर्शकाची कन्या नाना इओसेलिआनी आहे.) हाही चित्रपट अडवला गेला, बाहेर पोहोचायला काही वर्षे लागली आणि १९८२ साली बर्लिनमध्ये त्याला फिप्रेसी पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास इओसेलिआनी फ्रान्समध्ये काम करू लागले.

फ्रान्समधल्या चित्रपटांची यादी मोठी आहे, म्हणून इथे निवडकच घेतो. 'चंद्राचे लाडके' (१९८४) मध्ये चिनीमातीच्या जुन्या बश्या आणि एका स्त्रीचे तैलचित्र या दोन वस्तू पॅरिसभर हातोहात फिरतात. चित्र दर चोरीच्या वेळी चौकटीतून कापून काढले जाते, त्यामुळे ते प्रत्येक खेपेला थोडे लहान होत जाते. 'आणि प्रकाश झाला' (१९८९) सेनेगलमधल्या एका जंगलातल्या गावात घडतो. 'लुटारू, प्रकरण सातवे' (१९९६) मध्ये अमिरान अमिरानाश्विली हा एकच नट मध्ययुगीन राजा, स्टालिनच्या काळातला खिसेकापूचा झालेला अधिकारी आणि आजचा पॅरिसमधला भटक्या अशा तिन्ही रूपांत येतो. या तिन्ही चित्रपटांना व्हेनिसमध्ये परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. 'निरोप, कोरड्या जमिनीला' (१९९९) ला फ्रान्सचा लुई देल्युक पुरस्कार, तर 'सोमवार सकाळ' (२००२) ला बर्लिनमध्ये दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले. 'शरदातल्या बागा' (२००६), 'शांत्रापा' (२०१०) आणि 'हिवाळ्याचे गाणे' (२०१५) हे अखेरचे तीन.

चर्चेसाठी प्रश्न असा की जॉर्जियात जे कामाविषयीचे भान दिसते, ते फ्रान्समध्ये टिकले का? माझ्या मते टिकले, पण त्याचे रूप बदलले.

प्रतिसाद : द्राक्षमळा

लेख आवडला. जिलेटिनचा प्रसंग बहुतेक प्रेक्षक 'वाइन बिघडवली' असा वाचतात, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. मी नाशिककडच्या वायनरीत काही हंगाम काम केले आहे.

वाइन गढूळ असेल किंवा जिभेला फार तुरट लागत असेल, तर तिच्यात जिलेटिन घालतात. शंभर लिटरला काही ग्रॅम, एवढेच प्रमाण असते. ते कोमट पाण्यात विरघळवून वाइनमध्ये एकसारखे ढवळावे लागते. जिलेटिन हे प्रथिन आहे. ते तुरटपणा देणाऱ्या टॅनिनला पकडते, दोहोंच्या गुठळ्या बनतात आणि हळूहळू तळाशी बसतात. मग वरची निवळ वाइन अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची, याला आम्ही रॅकिंग म्हणतो. प्रमाण चुकून जास्त पडले तर उलट नव्याने गढूळपणा येतो. जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेती भागात तर पांढरी द्राक्षेसुद्धा साल आणि बियांसकट पुरलेल्या क्वेव्रीत, म्हणजे मातीच्या रांजणात, कित्येक महिने ठेवतात. तिथल्या पांढऱ्या वाइनमध्येही टॅनिन भरपूर असते, तेव्हा जिलेटिन हा तिथल्या तंत्रज्ञाच्या हाताशी असलेला नेहमीचाच उपाय असणार.

महत्त्वाचे असे की एकदा जिलेटिन पडले की ते पीप लगेच बाटल्यांत भरता येत नाही. गाळ खाली बसेपर्यंत थांबावेच लागते. म्हणजे निकोने वाइनची नासधूस केलेली नाही. त्याने तिला हवा असलेला वेळ मिळवून दिला आहे, आणि तोही अशा रीतीने की नंतर कोणत्याही साहेबाचा हुकूम चालू नये. त्याची सही टाळता आली असती, कारण दुसऱ्या कोणाची घेता आली असती. जिलेटिन मात्र टाळता येत नाही. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला यातून बळच मिळते असे मला वाटते.

प्रतिसाद : उलटतपासणी

वरील तपशील उत्तम आहे, परंतु मूळ मांडणीशी मी पूर्णपणे सहमत नाही. 'पानगळ' हे एक उदाहरण तिच्यात चपखल बसते आणि मग सर्व चित्रपट त्याच्याच मागे उभे केले जातात. गिआचा ठोका वेळेवर पडतो हे खरे, पण शंभर माणसांचा वाद्यवृंद दर खेपेला श्वास रोखून त्याची वाट पाहतो, याची दखल कोण घेणार? ज्यांना वेळेवर यावेच लागते, त्यांच्या जिवावर ही फुरसत उभी असते. त्या वाद्यवृंदातला एखादा व्हायोलिनवादक हा चित्रपट कसा सांगेल, याचा विचार करून पाहावा.

दुसरा आक्षेप स्त्रियांबद्दलचा आहे. इओसेलिआनींच्या जगात पुरुष पितात, गातात, भटकतात आणि त्यांच्याबद्दल आपल्याला माया वाटते. स्त्रिया मात्र एक तर 'पानगळ'मधल्या मारीनेसारख्या चार जणांना झुलवत ठेवणाऱ्या असतात, नाही तर घर आणि धंदा सांभाळणाऱ्या कडक बायका असतात. 'निरोप, कोरड्या जमिनीला' मधली आई हेलिकॉप्टरने कामाला जाते आणि वडील खोलीत बसून विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्यांशी खेळत पीत राहतात. वडिलांची भूमिका खुद्द दिग्दर्शकानेच केली आहे, त्यामुळे सहानुभूती कोणीकडे झुकते हे उघड आहे. पैसे मिळवणारी बाई हास्यास्पद आणि ते उडवणारा बुवा तत्त्वज्ञ, असा हा हिशेब आहे.

प्रतिसाद : तिसरी घंटा

द्राक्षमळा यांचे मनापासून आभार. सही टाळता येते आणि जिलेटिन टाळता येत नाही, हे मूळ लेखातच असायला हवे होते इतके नेमके आहे.

उलटतपासणी यांचा दुसरा आक्षेप बहुतांशी योग्य आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याची माझी इच्छा नाही. मात्र 'फुलपाखरांची शिकार' (१९९२) जरूर पाहावा. त्यात फ्रान्समधला एक जुना वाडा दोन वृद्ध स्त्रिया सांभाळून आहेत, जपानी उद्योजकांना तो विकत हवा आहे, आणि मालकिणीच्या मृत्यूनंतर तो मॉस्कोहून आलेल्या वारसदार बहिणीकडे जातो. या म्हाताऱ्यांकडे दिग्दर्शक ज्या आदराने पाहतो, तो त्याच्या दारुड्यांच्या वाट्यालाही क्वचितच येतो. 'शरदातल्या बागा' मध्ये मिशेल पिकोली यांनी नायकाच्या आईचे काम केले आहे, तेही थट्टेचा सूर न लावता. त्यातला पदावरून हटवला गेलेला मंत्री सेव्हराँ ब्लांशे यांनी रंगवला. ते व्यवसायाने नट नव्हते, अनुबोधपट करणारे आणि शिकवणारे होते. २०१० साली काबूलमध्ये झालेल्या आत्मघाती हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. 'सोमवार सकाळ'चा नायकही एका निर्मात्याने, जाक बिदू यांनी, केला आहे. अशी माणसे निवडण्यामागे केवळ मैत्री नव्हती. ज्याला अभिनयाची सवय नाही तो पडद्यावर फारसे काही 'दाखवत' नाही, आणि इओसेलिआनींना तेच हवे असायचे. जवळून घेतलेले चेहरे त्यांच्याकडे फार कमी आहेत. माणूस पुरा दिसतो, चालताना दिसतो आणि आपल्यासमोरून निघून जातो.

व्हायोलिनवादकाच्या मुद्द्याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. तो चित्रपट मलाही पाहायला आवडेल.

प्रतिसाद : मंद्र सप्तक

चर्चेत आवाजाचा मुद्दा अजून आलेला नाही, आणि माझ्या मते या दिग्दर्शकाकडे जाण्याची खरी वाट तीच आहे. त्यांच्या चित्रपटांत माणसे पुष्कळ बोलतात, पण ते बोलणे दार लागण्याच्या, सायकलच्या, भांड्यांच्या आणि कुत्र्याच्या आवाजांच्याच पातळीवर ठेवलेले असते. सेनेगलमधल्या चित्रपटात गावकऱ्यांची भाषा अनुवादित केलेलीच नाही. अधूनमधून मूकपटांतल्यासारखी एखादी पाटी येते, तेवढीच. सवयीने आपण सबटायटलची वाट पाहत बसतो आणि थोड्या वेळाने ती वाट पाहणे सोडून देतो. तिथून पुढे चित्रपट नीट ऐकू येऊ लागतो. फ्रेंच विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक झाक ताती यांच्याशी त्यांची तुलना नेहमी होते, ती याच कारणाने. फरक असा की तातींचा आवाज विनोदासाठी टोकदार केलेला असतो, तर इओसेलिआनींचा आवाज आसपास सांडलेला वाटतो आणि मागाहून लक्षात येते की प्रत्येक प्रवेशाची वेळ मोजून बांधलेली आहे. ते प्रत्येक दृश्याची रेखाचित्रे आधी स्वतः काढत असत, हे इथे लक्षात घ्यावे.

याच संदर्भात १९६९ सालचा 'जुनी जॉर्जियन गाणी' हा लघुपट पाहावा. जॉर्जियातले बहुस्वरी गायन प्रदेशागणिक बदलते. काखेतीतल्या पंगतीच्या गाण्यांत खालचा समूह एकच स्वर लांबवत धरतो आणि त्यावर दोन गायक हरकती घेत फिरतात. पश्चिमेकडच्या गुरियात मात्र तीन आवाज तीन वेगळ्या वाटांनी जातात, आणि सर्वांत वरचा 'क्रिमानचुली' नावाच्या पद्धतीने, छातीच्या आवाजातून एकदम पातळ आवाजात उड्या मारत गातो. आपला कान एका स्वरावलीचा विस्तार ऐकण्यात मुरलेला असल्याने सुरुवातीला कोणता आवाज धरावा तेच कळत नाही. युनेस्कोने २००१ साली या गायनाला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिले.

मला 'लुटारू' किंवा 'चंद्राचे लाडके' हे चित्रपट या गायनाच्याच रचनेत बसवलेले वाटतात. पाच-सहा कथा आपापल्या वाटेने चालतात, कोणतीही मुख्य नसते, आणि एखाद्या चौकात त्या क्षणभर एकत्र येऊन पुन्हा पांगतात. म्हणूनच 'नायक कोण' हा प्रश्न घेऊन बसले की ते चित्रपट विस्कळीत भासतात.

प्रतिसाद : रात्रीचा शो

एक साधी शंका आहे. जॉर्जियाचेच दिग्दर्शक तेन्गिझ आबुलाद्झे यांच्या 'पश्चात्ताप' या चित्रपटात हुकूमशहाचे प्रेत पुन्हा पुन्हा थडग्यातून उकरून काढले जाते. तो रोखला गेला हे समजते. पण दोन प्रेमिकांच्या किंवा चार वादकांच्या गोष्टीत अडवण्याजोगे काय होते?

प्रतिसाद : तिसरी घंटा

'पश्चात्ताप'ची तुलना उपयोगी आहे. तो १९८४ साली तयार झाला, त्याला जॉर्जियाचे तेव्हाचे पक्षप्रमुख एदुआर्द शेवार्दनाद्झे यांचा आधार होता, तरीही तो लोकांसमोर यायला गोर्बाचोव्ह यांचा काळ उजाडावा लागला. १९८७ साली कानमध्ये त्याला परीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला. त्यातल्या हुकूमशहा वारलामला हिटलरची मिशी, स्टालिनचा गुप्त पोलीसप्रमुख बेरिया याचा चष्मा आणि मुसोलिनीचा काळा सदरा आहे. आरोप कोणावर आहे, हे प्रेक्षकाला आणि सेन्सॉरला एकाच वेळी कळते. अशा चित्रपटाला उत्तर देता येते. तो काळ संपला, आता तसे नाही, असे म्हणता येते आणि पुढे तसेच म्हटले गेले.

'पानगळ'ला असे उत्तर देता येत नव्हते, कारण त्यात कोणी खलनायक नाही. कारखान्याचे व्यवस्थापक वाईट नाहीत, फक्त त्यांना आकडा भरायचा आहे. तिथले सगळे जण चांगल्या मनाने कच्ची वाइन बाटल्यांत भरायला निघालेले आहेत, आणि हे भूतकाळातले नसून त्याच वर्षीच्या योजनेतले आहे. 'काळा पक्षी'मधल्या गिआचा तर राज्याशी काही संबंधच नाही, आणि तीच अडचण आहे. सोव्हिएत पडद्यावर रिकामटेकडा माणूस चालत असे, पण शेवटी तो सुधारला पाहिजे किंवा त्याचा धडा तरी झाला पाहिजे. गिआ सुधारत नाही, त्याचा धडाही होत नाही, आणि प्रेक्षक मात्र त्याच्यावर लोभ करून बसतो.

प्रतिसाद : उलटतपासणी

या उत्तराने जॉर्जियातल्या चित्रपटांपुरते माझे समाधान झाले. फ्रान्सच्या बाबतीत मात्र मी अडून आहे. 'सोमवार सकाळ'मधला व्हिन्सेंट कारखान्यात वेल्डर आहे. तिथे सिगारेट ओढायला मनाई आहे, घरी त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही, आणि एका सकाळी तो फाटकातून आत न जाता सरळ व्हेनिसला निघून जातो. तिथे भेटीगाठी होतात, पिणे होते, आणि तो परत येतो. त्याच्या जाण्याने कारखान्याचे काही अडत नाही. निकोच्या हातात एक पीप होते. व्हिन्सेंटच्या हातात थांबवता येईल असे काहीच नाही. धागाकर्ते म्हणतात की कामाविषयीचे भान टिकले आणि रूप बदलले. मला वाटते, टिकली ती फक्त पळून जाण्याची इच्छा, आणि चित्रपटांना ते समजलेले आहे. म्हणूनच 'शांत्रापा' हा अपवाद मला महत्त्वाचा वाटतो. त्यातला तरुण दिग्दर्शक जॉर्जियात अधिकाऱ्यांशी आणि फ्रान्समध्ये निर्मात्यांशी तीच झुंज देतो, कारण दोन्हीकडे त्याच्या हातात एक वस्तू आहे, त्याचा चित्रपट, आणि ती कच्ची बाटलीत भरायला तो तयार नाही.

रात्रीचा शो यांना पाहण्याचा क्रम हवा असल्यास 'पानगळ', मग 'काळा पक्षी', आणि मधले सगळे सोडून थेट 'शांत्रापा', असा मी सुचवेन. 'लुटारू' शेवटी ठेवावा. त्याच्या सुरुवातीला प्रक्षेपक रिळांची उलटापालट करतो आणि चुकीचे रीळ लावतो. ते जाणूनबुजून केलेले आहे, आपल्या फाइलमध्ये बिघाड नाही.